माळ्यावरचा कॉम्प्युटर भंगारात घालण्याआधी

दिवाळीची साफसफाई निघाली की आपल्याकडच्या बऱ्याच घरांत एक वाद हमखास होतो. माळ्यावर प्लास्टिकच्या कव्हरात गुंडाळलेला जुना कॉम्प्युटर असतो. सून म्हणते, "द्या की हो भंगारात, जागा तरी होईल." सासरे म्हणतात, "राहू दे, चाळीस हजार मोजलेत त्याला." मग तो आणखी एक वर्ष तिथंच राहतो. पुढच्या वर्षी भंगारवाला गाडी घेऊन दारात येतो, आणि तीन-चारशे रुपयांत निकाल लागतो.

गेली तीस वर्षं मी बेळगावात दुरुस्तीचं काम करतो. आधी रेडिओ आणि टीव्ही केले, पुढं कॉम्प्युटर आले. आता नवीन लॅपटॉप फारसे उघडावे लागत नाहीत, पण जुनी मशिनं अजून येतात. ४८६ येतात, पेंटियम येतात, विंडोज ९८ आणि एक्सपीच्या काळातली तर भरपूर. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढतानाच निकाल सांगतं. मराठी माणूस म्हणतो, "मेलाय बघा." कन्नड माणूस म्हणतो, "सत्त होगेत्री!" दोन्ही भाषांत मृत्यूची घोषणा एकच, आणि बहुतेक वेळा ती खोटी असते. जुनं मशीन क्वचितच पूर्ण मरतं. त्यातला एखादाच भाग गेलेला असतो, आणि कोणता गेला हे शोधायची रीत ठरलेली आहे. ती रीत आज वाचकांना सांगायची आहे. ज्यांच्या घरात असं मशीन आहे त्यांना उपयोग होईलच, शिवाय दहावी-बारावीतल्या मुलांना हातानं शिकण्यासारखी ही एक चांगली विद्या आहे.

आधी बटण दाबू नका

पाच-दहा वर्षं बंद असलेल्या मशीनची पिन थेट बोर्डात घालून बटण दाबणं म्हणजे वर्षभर अंथरुणाला खिळलेल्या माणसाला एकदम गड चढायला लावणं. पहिल्यांदा कॅबिनेट उघडा आणि नुसतं पाहा. आपल्याकडचा पावसाळा, त्यातून खानापूरकडची ओल, याचा परिणाम आत स्पष्ट दिसतो. कनेक्टरवर हिरवट थर, स्क्रूवर गंज, पंख्यात जाळी, कधी मुंग्यांचं वारूळ. पालीची अंडीसुद्धा मी काढली आहेत. मऊ ब्रशनं आणि ब्लोअरनं धूळ काढा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा.

मग वास घ्या. जळका वास कुठून येतो ते नाकाला बरोबर कळतं. मदरबोर्डवरचे छोटे डबीसारखे कपॅसिटर पाहा. वरचं झाकण सपाट असायला हवं. फुगलं असेल किंवा त्यातून तपकिरी चिकट पदार्थ आला असेल तर निम्मं निदान तिथंच झालं.

दोन गोष्टी मात्र घरी उघडायच्या नाहीत. पहिली, जुना काचेचा मॉनिटर. त्याच्या पिक्चर ट्यूबवर वीस-पंचवीस हजार व्होल्टपर्यंत दाब असतो आणि बंद केल्यावरही तो राहू शकतो. दुसरी, एसएमपीएसचा डबा. आपल्या घरातली २३० व्होल्टची वीज आत डीसी झाल्यावर तीनशे व्होल्टच्या वर जाते आणि पिन काढल्यावरही कपॅसिटरमध्ये साठून राहते. ही कामं जाणकाराचीच.

विजेची परीक्षा

दुकानात जुना एसएमपीएस आला की मी त्याला आधी सिरीज लॅम्पवर लावतो. साधा शंभर वॉटचा पिवळा बल्ब विजेच्या वाटेत जोडायचा. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. लख्ख पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, आणि शॉर्टचा मार बल्बनं झेलला, मशीन वाचलं. जुने एटी प्रकारचे एसएमपीएस रिकामे चालू होत नाहीत, त्यांना काही तरी ओझं लागतं. मी एक निकामी पण फिरणारी हार्ड डिस्क त्यासाठीच ठेवली आहे.

मग मल्टिमीटर. काळी वायर म्हणजे शून्य. लाल वायरवर ५ व्होल्ट हवेत, ४.७५ ते ५.२५ पर्यंत चालतात. पिवळ्यावर १२ हवेत, ११.४ ते १२.६ पर्यंत चालतात. नंतरच्या एटीएक्स मशीनमध्ये नारिंगी वायर असते, तिच्यावर ३.३ व्होल्ट. लाल वायर साडेचारवर आली असेल तर मदरबोर्डला शिव्या देण्यात अर्थ नाही, त्याला पोटभर जेवणच मिळत नाही.

जुन्या एटी मशीनमध्ये मदरबोर्डला जाणारे दोन वेगळे कनेक्टर असतात. ते उलटे लावले तर बोर्ड जळतो. लावताना दोन्हींच्या काळ्या वायरी मधोमध शेजारी-शेजारी यायला हव्यात. माझ्याकडं शिकायला येणाऱ्या पोरांना मी एकच मंत्र देतो, "करी-करी जोडी." काळ्याशेजारी काळा. दोन्ही भाषांच्या पोरांना तो कळतो.

मशीन बोलतं, ऐकायला शिका

चालू झाल्यावर कॉम्प्युटर स्वतःची तपासणी स्वतः करतो. पडद्यावर काही दाखवता आलं नाही तर आतल्या छोट्या स्पीकरमधून बीप देतो. सगळं ठीक असेल तर बहुतेक मशिनं एकच आखूड बीप देतात. अॅवॉर्ड कंपनीच्या बायोसमध्ये एक लांब आणि दोन आखूड म्हणजे डिस्प्ले कार्डाची तक्रार. एएमआयच्या बायोसमध्ये आठ आखूड बीप म्हणजे डिस्प्लेच्या मेमरीची. म्हणून बायोसच्या चिपवरचं लेबल आधी वाचायचं, मग बीप मोजायचे.

बीपच नाही, पंखा मात्र फिरतोय, अशा वेळी संसार कमी करायचा. साउंड कार्ड, मोडेम, सीडी ड्राइव्ह, हार्ड डिस्क सगळं काढून ठेवा. बोर्ड, प्रोसेसर, रॅम, डिस्प्ले कार्ड आणि स्पीकर एवढंच राहू द्या. चालू झालं तर एकेक भाग परत लावत जा. ज्यावर अडेल तो दोषी.

सगळ्यात जास्त वेळा दोष निघतो तो रॅमच्या सोनेरी पट्टीवर साचलेल्या काळपट थरात. पांढऱ्या खोडरबरानं हलकेच पुसा, भुगा झटका, आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवा आणि परत बसवा. त्याआधी कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ द्या. ४८६ मध्ये ३० पिनांच्या रॅमपट्ट्या चार-चारच्या गटानं लागतात, ७२ पिनांची एकटी चालते. पेंटियमला मात्र तीच ७२ पिनांची पट्टी जोडीनं लागते. जोडीतली एक काढून घेतली की मशीन मुकं होतं आणि लोक म्हणतात बोर्ड गेला.

बॅटरी गळते तेव्हा

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आपल्या जिल्ह्यात पूर आला तेव्हाची गोष्ट. त्यानंतर काही महिन्यांनी गोकाकहून एक बाई त्यांच्या कॉलेजातल्या मुलीला घेऊन दुकानात आल्या. रिक्षात एक ४८६ होता. बाई माहेरच्या खानापूरच्या, मराठी. सासर कन्नड. सासूबाई बैलहोंगलकडच्या. त्यांना दळताना म्हणायची गाणी, आपण जात्यावरच्या ओव्या म्हणतो तशी बीसुकल्लिन पदं, खूप पाठ होती. १९९७ साली घरात सेकंडहँड कॉम्प्युटर आला. सासूबाई म्हणायच्या आणि सून टाइप करायची. सुनेला कन्नड बोलता यायचं पण लिहिता येत नव्हतं, म्हणून तिनं ती सगळी कन्नड गाणी देवनागरीत टाइप केली. पुढं सासूबाई वारल्या. गाणी लिहिलेली एक वही होती, ती घटप्रभेच्या पाण्यात गेली. कॉम्प्युटर वरच्या मजल्यावर होता म्हणून वाचला.

बाई म्हणाल्या, "अण्णा, मशीन गेलं तर जाऊ दे. खरं आत्तींची गाणी तेवढी काढून द्या."

बटण दाबून पाहिलंत का, असं मी विचारलं. "नाही, हिनं दाबू दिलं नाही," असं म्हणून त्यांनी मुलीकडं बोट दाखवलं. त्या मुलीच्या शहाणपणाला मी तिथंच दाद दिली.

उघडल्यावर कारण समोरच होतं. त्या काळच्या बोर्डांवर पिंपाच्या आकाराची निळी बॅटरी थेट सोल्डर केलेली असे. निकेल-कॅडमियमची, ३.६ व्होल्टची. तारीख आणि सेटिंग लक्षात ठेवणं हे तिचं काम. म्हातारी झाली की ती गळते, आणि तिच्यातला क्षार बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा खात सुटतो. इथं कीबोर्डच्या सॉकेटपर्यंत निळसर-हिरवा थर पसरला होता.

एसएमपीएस सिरीज लॅम्पवर ठीक निघाला. मग बॅटरी उपटली. क्षारावर उतारा आम्लाचा, म्हणून कापसाच्या काडीनं व्हिनेगर लावलं. फेस बसल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं धुतलं आणि बोर्ड दोन दिवस वाळू दिला. त्यानंतर भिंग आणि मल्टिमीटरचा बझर घेऊन एकेक रेषा तपासली. तीन रेषा तुटल्या होत्या. इनॅमलच्या बारीक तारेनं त्या जोडल्या. चालू केलं तर एक बीप आला आणि पडद्यावर मेमरी मोजायला सुरुवात झाली. लगेच मजकूर आला, कीबोर्ड सापडत नाही, पुढं जाण्यासाठी एफ-वन दाबा. कीबोर्डच नाही म्हणतोस आणि कळ दाब म्हणतोस! मायलेकी दोघी हसल्या. भंगारातल्या एका बोर्डावरून सॉकेट काढून बसवलं आणि तेही काम झालं.

ज्यांच्या मशीनमध्ये नाण्यासारखी सीआर २०३२ बॅटरी आहे त्यांना हे सगळं करावं लागत नाही. तीन व्होल्टची ती बॅटरी बाजारात सहज मिळते. मात्र जुन्या पिंपबॅटरीच्या जागी ही लिथियमची परस्पर सोल्डर करू नका. तो सर्किट बॅटरीला चार्ज करायला बघतो, आणि हिला चार्ज करणं धोक्याचं. मध्ये डायोड घालावा लागतो, किंवा बोर्डावर बाहेरच्या बॅटरीसाठी पिना दिलेल्या असतात त्या वापराव्या लागतात.

हार्ड डिस्क हरवत नाही, पत्ता हरवतो

बॅटरी मेली की जुनं मशीन आपली हार्ड डिस्कही विसरतं. पडद्यावर येतं की डिस्क नाही. इथंच कित्येक घरांनी मशीन भंगारात घातलं असेल. वास्तविक डिस्कमधलं सगळं जागच्या जागी असतं. त्या काळी डिस्कचे तीन आकडे बायोसमध्ये हातानं भरावे लागत, सिलिंडर, हेड आणि सेक्टर, आणि ते डिस्कच्या लेबलवर छापलेले असतात. या मशीनच्या डिस्कवर ९८७, १२ आणि ३५ होते. तिन्हींचा गुणाकार करून ५१२ नं गुणलं की २१,२२,४४,४८० येतात, म्हणजे सुमारे २१२ मेगाबाइट. आजच्या मोबाइलवरच्या दोन-तीन मिनिटांच्या व्हिडिओला एवढी जागा लागते. त्या घराची वीस वर्षांची आठवण तेवढ्यात मावली होती.

कुणी विचारेल, डिस्क काढून यूएसबीच्या अडॅप्टरनं लॅपटॉपला का लावली नाही? नंतरच्या डिस्कना तोच सोपा मार्ग आहे. पण अगदी जुन्या डिस्क या तीन आकड्यांच्याच भाषेत बोलतात, आणि बरेच अडॅप्टर ती भाषा जाणत नाहीत. म्हणून बोर्ड जिवंत करणं भाग होतं.

जुनी डिस्क पुन्हा फिरली की दुरुस्तीचं कौतुक बाजूला ठेवायचं आणि सगळ्यात मोलाच्या फायली आधी बाहेर काढायच्या. स्कॅनडिस्क चालवायचं नाही, डीफ्रॅग करायचं नाही, नवीन काही लिहायचं नाही. अशी डिस्क किती तास चालेल ते सांगता येत नाही. आम्ही १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपीवर गाणी उतरवू लागलो. मध्येच पडदा अडला. अबॉर्ट, रिट्राय, फेल, असे तीन पर्याय. मुलगी शेजारी बसून रिट्रायची कळ दाबत राहिली. सातव्या-आठव्यांदा एखादी फाइल निघायची. शेवटी दोन फायली निघाल्याच नाहीत. बाकीची सगळी गाणी आली.

डिस्कमधून टिकटिक असा ठोका येत असेल, तर मात्र लगेच बंद करा. आतलं हेड बिघडल्याची ती खूण. घरी झाकण उघडू नका, धुळीचा एक कण आतल्या तबकडीला पुरेसा असतो. फ्रीजरमध्ये ठेवण्याचा उपाय कुणी सुचवला तर तोही करू नका, आत दव धरतं. डेटा महत्त्वाचा असेल तर तो काढून देणाऱ्या खास प्रयोगशाळा असतात, तिथं पाठवा.

अक्षरं उमटेनात तेव्हा

फायली लॅपटॉपवर उघडल्या तर काय, इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी! बाईंचा चेहरा पडला. घाबरण्यासारखं त्यात काही नव्हतं. युनिकोडमध्ये देवनागरी आणि कन्नड १९९१ पासून आहेत, पण आपल्या घरातल्या आणि छापखान्यातल्या मशीनवर ते पोचायला बरीच वर्षं लागली. त्याआधीची मराठी-कन्नड सॉफ्टवेअर इंग्रजी अक्षरांच्या जागेवर आपली अक्षरं बसवत. फाइलमध्ये साठायचे ते इंग्रजी अक्षरांचे आकडे, आणि पडद्यावर त्यांना देवनागरीचं रूप द्यायचा तो फॉन्ट. फॉन्ट नसेल तर खिचडीच दिसणार. त्याच डिस्कवरच्या विंडोजच्या फोल्डरमध्ये तो फॉन्ट होता. तो आणून लॅपटॉपवर बसवला आणि गाणी वाचता आली. म्हणून लक्षात ठेवा, जुन्या मशीनवरून फायली काढताना फॉन्टही काढा. मागच्या प्रिंटर पोर्टला काडेपेटीएवढा हार्डवेअर लॉक लावलेला असेल तर तो फेकू नका, काही डीटीपी सॉफ्टवेअर त्याच्याशिवाय उघडतच नाहीत.

एक अडचण मशीनच्या हातची नव्हती. कन्नडमध्ये ए आणि ओ ऱ्हस्वही आहेत आणि दीर्घही. ऱ्हस्व ओकार घेतला तर 'कोडु' म्हणजे दे, दीर्घ घेतला तर शिंग. देवनागरीत दोन्ही एकसारखेच लिहिले गेले होते. कोणता कुठला, हे ज्याच्या कानावर ती भाषा आहे त्यालाच कळणार. मुलगी कन्नड शाळेत शिकलेली. तिनं आईला ओळी म्हणायला लावल्या, आणि आईच्या तोंडून आजीची चाल ऐकत ती कन्नड लिपीत उतरवून घेऊ लागली. दोन फायली गेल्या होत्या, त्यातली चार गाणी आईला पाठ निघाली.

फुगलेले कपॅसिटर

त्यामानानं अलीकडच्या, म्हणजे २००० ते २००७ च्या मशिनांचं दुखणं वेगळं. त्या सुमारास जगभर सदोष कपॅसिटर मोठ्या प्रमाणात बाजारात आले. आतलं द्रव बिघडून ते फुगत. मशीन आपोआप रीस्टार्ट होतं, थंडीत चालू व्हायला वेळ घेतं, विंडोज मध्येच निळा पडदा दाखवतं. लोक व्हायरस समजून पुन्हा-पुन्हा विंडोज टाकत बसतात. प्रोसेसरभोवतीचे कपॅसिटर बदलले की बहुतेक मशिनं सुधारतात. मायक्रोफॅरड तेवढेच हवेत, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, १०५ अंशांचे आणि लो-ईएसआर लिहिलेले. अंगावरची पट्टी ऋण बाजूची असते, ती उलटी बसली तर कपॅसिटर फुटतो.

काही मिनिटांत बंद पडणाऱ्या मशीनमध्ये प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडू झालेली असते. जुनी पुसून मोहरीएवढी नवी लावली आणि पंख्याची धूळ काढली तर शंभर-दीडशे रुपयांत काम होतं.

द्यायचंच असेल तर

सगळीच मशिनं ठेवण्यासारखी नसतात. जागा कुणाकडं आहे? पण देताना हार्ड डिस्क आणि फ्लॉप्या काढून घ्या. त्यात घरातले हिशेब, पत्रं, फोटो असतात. काचेच्या मॉनिटरमध्ये आणि जुन्या सोल्डरमध्ये शिसं असतं, म्हणून उघड्यावर फोडणाऱ्या आणि वायरी जाळणाऱ्याला ते देऊ नका. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, नोंदणी असलेल्या पुनर्वापर केंद्राकडंच माल पोचेल असं पाहा.

काढलेल्या फायलींच्या दोन प्रती करा, एक स्वतःकडं आणि एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडं ठेवा. आपल्याकडं तर सोय चांगली आहे. निम्मे पाहुणे कृष्णेच्या अलीकडं आणि निम्मे पलीकडं, एकाच पुरात दोन्ही घरं सापडायची नाहीत.

आणि भंगारवाल्याला हाक मारण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा विचारा, "अज्जा, यात काय होतं हो?" ते विसरले असतील तर अज्जीला विचारा. यादी एका कागदावर लिहून घ्या आणि मगच स्क्रूड्रायव्हर उचला.